जुन्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनने बदकांची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे ब्राउनिंग ऑटो-५ आहे, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन. बारा बोअरची, बेल्जियममध्ये बनलेली आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. मिनेसोटात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांचे गुडघे थकले, दलदलीत उतरणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ती माझ्या हाती दिली. तेव्हापासून दर पानगळीत कुणी ना कुणी नवा शिकारी मित्र फोन करतो. कुणाला सासऱ्यांची रेमिंग्टन मिळालेली असते, कुणी जुन्या बाजारात फ्रँकी बघून ठेवलेली असते, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. बंदुकीचं वय फारसं आड येत नाही, हा माझा अनुभव. आड येतं ते आपलं अज्ञान: नळी कुठली, चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) केवढं, चोक (नळीचा तोंडाशी अरुंद होणारा भाग) कसला.

इथलं सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. गावाकडे घरात परवान्याची बारा बोअर असली, तरी तिने तळ्यावरचं बदक मारायचं नाही.

"जुनी" कुठली म्हणायची?

मी रेघ १९९१ला ओढतो. त्या वर्षीच्या सीझनपासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाचे छर्रे सगळीकडे बंद झाले. तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळायची आणि शिशाच्या विषाने झुरून मरायची. ती बदकं खाणाऱ्या गरुडांनाही विष चढायचं. बंदी योग्यच होती. पण त्याआधीच्या बहुतेक नळ्या मऊ शिसं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या आहेत. जुन्या बंदुकीच्या निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

नेहमी हाताला लागणारी मॉडेलं मोजकीच आहेत. ब्राउनिंग ऑटो-५चं पेटंट १९०० सालचं. जॉन ब्राउनिंगने ती बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात बनवून घेतली. १९७०च्या दशकाच्या मध्यावर काम जपानच्या मिरोकूकडे गेलं आणि १९९८च्या सुमारास थांबलं. रेमिंग्टन मॉडेल ११ ही तिचीच अमेरिकन बहीण, १९०५पासूनची. पुढे १९४९ची रेमिंग्टन ११-४८ आली आणि १९६३ची रेमिंग्टन ११००. याशिवाय फ्रँकी ४८ एएल आणि बेरेटाची ३००पासून ३०३पर्यंतची भावंडं.

माझी बंदूक कशावर चालते हे कसं कळेल?

बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) बंद ठेवा, दस्ता जमिनीवर टेकवा आणि नळी बाजूने धरून खाली दाबा. तळहात नळीच्या तोंडावर ठेवायचा नाही. अख्खी नळी स्प्रिंगच्या जोरासकट आत सरकली तर ती लाँग रिकॉइल पद्धतीची: ऑटो-५, मॉडेल ११, ११-४८, फ्रँकी ४८. या बंदुकांत बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना घट्ट धरून एकत्र मागे जातात. मग नळी एकटी पुढे येते, रिकामं टरफल बाहेर पडतं, आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे जातो. म्हणून खांद्याला एकाच बाराचे दोन हिसके बसल्यासारखं वाटतं. दोनतीन सकाळींत सवय होते.

नळी जागची हलली नाही तर बहुधा गॅसवर चालणारी आहे. पुढचं लाकूड काढलंत की नळीखालच्या कड्यात बारीक भोकं दिसतील. ११०० आणि जुन्या बेरेटा या जातीच्या. त्यांचा धक्का मऊ असतो, पण काजळी जास्त साचते.

एक अपवाद लक्षात ठेवा: विंचेस्टर मॉडेल १९११. ब्राउनिंगच्या पेटंटमुळे तिला बोल्टची मूठच देता आली नाही, त्यामुळे भरायला नळीच हाताने मागे ओढावी लागते. काडतूस आत फुगून अडकलं की लोक दस्ता जमिनीवर ठेवून, नळीच्या तोंडावर वाकून दाबायचे. त्यात माणसं गेली आहेत. ही बंदूक हाती आली तर भिंतीवर शोभेला ठेवा. वर सांगितलेली दाबून बघायची चाचणी तिच्यावर करू नका.

बंदूक हातात आली. आधी काय बघू?

गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, एक फेरी ठरलेलीच. त्याआधी घरी बघण्यासारखं बरंच आहे.

नळी काढून उजेडाकडे धरा आणि आतल्या भिंतीवर पडणारी प्रकाशाची कडी टोकापर्यंत नजरेने न्या. कडी कुठे तुटली किंवा वाकडी झाली तर तिथे खड्डा आहे, नाहीतर फुगा. बाहेरून चोकच्या जागी, म्हणजे तोंडापासून दोनतीन इंचांवर, बोटं हलकेच फिरवा. अंगठीसारखा उंचवटा लागला तर त्या नळीने आधीच काहीतरी सोसलं आहे.

लाकडात पुढच्या दस्त्याचा आतला भाग आणि रिसीव्हरला (बोल्ट आणि चाप बसतात त्या मधल्या लोखंडी पेटीला) टेकणारी मागची कड बघा. ऑटो-५चा पुढचा दस्ता आतून चिरलेला नसेल तर आधीच्या मालकाने जपून वापरली असं समजा. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली ब्राउनिंग असेल तर लाकडाला टेकणारे स्क्रू काढून बघा. त्या काळात काही अक्रोडी लाकूड मिठाने वाळवलेलं होतं आणि ते आतून लोखंड खातं. स्क्रू लालसर, खरबरीत निघाला तर लाकूड बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा मागच्या दस्त्याच्या आत असते. ऑटो-५ असो वा ११००, बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग तिथे एका नळकांड्यात बसते. बंदूक कधी पाण्यात पडली असेल तर ते पाणी तिथेच मुरतं. पन्नास वर्षांत ते नळकांडं एकदाही कुणी उघडलेलं नसतं.

चेंबर किती लांब आहे? तीन इंची काडतूस "बसतं", मग चालेल ना?

नाही. बसणं आणि चालणं यात फार अंतर आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती बार झाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन इंची काडतूस मुकाट्याने आत जातं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा उरत नाही. दाब भलताच वाढतो.

बहुतेक जुन्या बारा बोअर सेमी-ऑटो पावणेतीन इंची आहेत. तीन इंची मॅग्नम ऑटो-५ १९५८मध्ये आली. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि चेंबर मोजूनही घ्या, कारण ही नळी त्याच बंदुकीची आहे याचा भरवसा नाही. गेल्या साठ वर्षांत कुणीतरी बदललेली असू शकते. दुसऱ्या महायुद्धाआधीची सोळा बोअर असेल तर आणखी सावध राहा: तिचं चेंबर ६५ मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंचांपेक्षाही आखूड असू शकतं.

जुन्या नळीतून स्टीलचे छर्रे चालतील का?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्यांना "हो" ऐकायचं असतं, कारण स्टीलची काडतुसं स्वस्त असतात आणि कुठेही मिळतात.

बेल्जियन नळीला माझं उत्तर स्वच्छ "नाही" आहे. ब्राउनिंगचा सल्लाही तोच आहे. कारण साधं आहे. शिशाचे छर्रे चोकमधून जाताना एकमेकांवर चेपतात, आकार बदलतात आणि अरुंद जागेतून वाट काढतात. स्टीलचा छर्रा चेपत नाही. बारा बोअरचा फुल चोक नळीपेक्षा साधारण ०.०३५ ते ०.०४० इंचाने अरुंद असतो, आणि शिशाच्या जमान्यात बदकवाल्यांना फुल चोकच हवा असायचा. त्या अरुंद गळ्यात स्टीलचे छर्रे एकमेकांवर अडून बसले की सगळा जोर नळीच्या भिंतीवर येतो. नळी लगेच फुटेल असं नाही. पण चोकच्या जागी हळूहळू अंगठीसारखा फुगवटा उठतो, आणि जुनी चांगली नळी कायमची जाते.

बेल्जियन ब्राउनिंगवर चोक ताऱ्यांनी लिहिलेला असतो. एक तारा म्हणजे फुल, दोन म्हणजे मॉडिफाइड, तीन म्हणजे सरळ सिलिंडर. मधल्या पायऱ्यांना ताऱ्यांपुढे आणखी खुणा असतात. माझ्या नळीवर चेंबरच्या डाव्या अंगाला एकच तारा आहे, इतका झिजलेला की पहिल्यांदा मला तो ओरखडाच वाटला होता.

स्टीलच हवं असेल तर मार्ग आहे. जपानी बनावटीची, बदलत्या चोकची इन्व्हेक्टर नळी शोधा आणि आपल्या रिसीव्हरवर ती नीट बसते का हे गनस्मिथकडून तपासून घ्या. लाइट बारावर (पावणेतीन इंची मॉडेल) लाइट बाराची, मॅग्नमवर मॅग्नमची. जुनी नळी तेल लावून कपाटात ठेवा. जुन्या ११००लाही बदली नळ्या मिळतात, आणि स्टीलसाठी मॉडिफाइड किंवा त्याहून मोकळा चोक पुरतो, कारण स्टीलचा फवारा शिशापेक्षा मुळातच घट्ट जातो.

चोक कापून मोकळा करून घ्या, असंही काही जण सांगतात. माझं मन त्याला धजत नाही. दुसरी नळी मिळत असताना जुन्या बेल्जियन नळीवर रीमर का चालवायचा?

मग मूळ नळीतून काय वापरू?

बिस्मथ. स्टीलची घनता साधारण ७.८, शिशाची ११.३ आणि बिस्मथच्या मिश्रधातूची साडेनऊच्या थोडी वर. तो शिशाच्या बराच जवळ जातो, मऊ असतो आणि जुन्या चोकला दुखवत नाही. महाग आहे, हे खरं. पण एका सकाळी आपण उडवतो किती? सहा, आठ, फार तर दहा. डिकॉय (बदकांना भुलवायला पाण्यावर ठेवलेली खोटी बदकं), पेट्रोल आणि वेडर्सवर (पाण्यात उतरायचे उंच जलरोधक बूट) होणाऱ्या खर्चापुढे बिस्मथचा जास्तीचा भाव मला कधी टोचला नाही.

मॅलार्डसारख्या मोठ्या बदकाला ४ नंबर, लहान टीलला ५ नंबर (नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा). स्टीलमध्ये हेच काम करायला मॅलार्डला २ आणि टीलला ४ लागतो, कारण हलका छर्रा जोर टिकवायला आकाराने मोठा असावा लागतो. टंगस्टनची काडतुसं घेताना डब्यावरचा मजकूर नीट वाचा. काही टंगस्टन छर्रे स्टीलपेक्षाही कडक असतात आणि जुन्या नळीचे वैरी ठरतात.

खिशात शिशाचं एकही काडतूस राहता कामा नये. बदकांच्या शिकारीत ते नुसतं जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे, उडवलं नसलं तरी.

ऑटो-५मधलं ते कडं कुठे बसवायचं?

याच्याइतकी गोंधळाची जागा दुसरी नाही, म्हणून सावकाश सांगतो.

बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मॅगझिनही (नळीखालचं, जादा काडतुसं राहतात ते नळकांडं) बघा. मग बोल्ट मागेच अडकलेला राहू दे, नळी जराशी मागे दाबून धरा म्हणजे टोपणावरचा ताण उतरेल, आणि टोपण फिरवून काढा. पुढचा दस्ता सरकून निघतो, पाठोपाठ नळी. आता मॅगझिनच्या नळकांड्यावर तीन वस्तू दिसतील. एक लांब जाड स्प्रिंग. एक पोलादी कडं, ज्याची एक बाजू सपाट असते आणि दुसरी आतल्या अंगाने उतरती. आणि कांस्याचा पिवळसर, एका जागी चिरलेला तुकडा, भोवती बारीक स्प्रिंग घातलेला. हा तुकडा म्हणजे ब्रेक. बार झाला की नळी मागे येते, कड्याचा उतार कांस्याला आवळतो आणि कांस्य नळकांड्याला घट्ट धरतं.

बदकांच्या जड काडतुसांसाठी रिसीव्हरकडून पुढे हा क्रम: आधी लांब स्प्रिंग, मग कडं, सपाट बाजू स्प्रिंगकडे आणि उतार कांस्याकडे, मग कांस्य. हलक्या काडतुसांसाठी कडं तिथून काढून अगदी मागे, रिसीव्हर आणि स्प्रिंगच्या मध्ये ठेवायचं. तिथे ते काहीच काम करत नाही आणि ब्रेक सैल पडतो. कित्येक ऑटो-५च्या पुढच्या दस्त्याच्या आत हाच क्रम सांगणारा कागद चिकटवलेला असतो. तो खरवडू नका.

मी पहिल्या वर्षी हे न बघताच बाहेर पडलो. शेजारच्या आजोबांनी शेवटची काही वर्षं फक्त मातीच्या तबकड्यांवर हलकी काडतुसं उडवली होती, त्यामुळे कडं मागेच होतं. मी वर जड काडतुसं भरली. सकाळ संपेपर्यंत खांदा काळानिळा झाला. घरी येऊन लाकूड काढलं तर आतून केसाएवढी भेग, दोन इंच लांब. भेग इपॉक्सीने भरली आणि आजवर टिकली आहे. पण कितीतरी वर्षं शाबूत राहिलेलं लाकूड माझ्या हातून चिरलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

नळकांड्यावर तेल किती? कापडाला लावून पुसावं इतकंच. तेल ओघळत असेल तर कांस्य घसरतं, ब्रेक लागत नाही आणि पुन्हा लाकूडच मार खातं. अगदी कोरडं असेल तर नळी पूर्ण मागे येत नाही आणि टरफल अडकतं.

स्प्रिंग कधी बदललेली आहे हे माहीत नसेल तर सरळ नवी घाला. ती मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

बंदूक मध्येच अडकते. दोष कुणाचा?

लाँग रिकॉइल असेल तर आधी वर सांगितलेलं कडं बघा. जड मांडणीत हलकं काडतूस घातलं की नळी अर्ध्यावरून परत येते आणि टरफल तोंडाशी उभं अडकतं. दुसरा संशयित म्हणजे मागच्या दस्त्यातली स्प्रिंग. बोल्ट हाताने मागे ओढून सोडला आणि तो खणकन न जाता रेंगाळत पुढे गेला, तर तिथे काजळी किंवा गंज आहे. एक्स्ट्रॅक्टरच्या (चेंबरमधून टरफल ओढून काढणारा भाग) नखाखालीही जुनं तेल मेणासारखं घट्ट बसतं. दात कोरायच्या काडीने ते निघतं.

११०० असेल तर नव्वद टक्के वेळा दोष एका रबरी ओ-रिंगचा, असं मी डोळे मिटून सांगतो. मॅगझिनच्या नळकांड्यावरची ती काळी बारीक रिंग चिरली की गॅस निसटतो आणि बंदूक एका बारानंतर गप्प बसते. दोन जादा रिंगा टोपीच्या पट्टीत ठेवा. अंधारात पाण्यात उभं राहून ती बदलता यायला हवी, म्हणून घरी दिवा मालवून एकदा सराव करा.

कडाक्याच्या थंडीत जुनी बंदूक दगा देते का?

बंदूक देत नाही, जाड तेल देतं. नोव्हेंबरच्या एका पहाटे उणे बारा सेल्सिअस होतं. डिकॉयच्या कडेने बर्फाची पापडी धरलेली. हिरव्या डोक्याचा नर मॅलार्ड पंख गोल करून, केशरी पाय पुढे टाकून उतरत होता. पहिला नेम चुकला. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. बोल्ट पाऊण वाटेवर थांबलेला. आदल्या रात्री मी मायेने भरपूर तेल घातलं होतं आणि ते थंडीत लापशीसारखं घट्ट झालं होतं.

सीझनआधी जुनं तेल सॉल्व्हंटने पूर्ण धुऊन काढा आणि थंडीत न गोठणारं पातळ तेल नावापुरतं लावा. गाडीच्या उबेतून बंदूक एकदम बाहेर काढली की लोखंडावर दव धरतं आणि गोठतं. म्हणून ती गाडीच्या मागच्या थंड भागातच राहू दे, अर्थात रिकामी आणि म्यानात.

तीनच काडतुसांचा नियम काय आहे? माझ्या बंदुकीत पाच मावतात.

१९३५पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत: एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये. मॅगझिनमध्ये एकसंध दांडी घालून जागा बुजवायची. बंदूक उघडल्याशिवाय ती निघता कामा नये. जुन्या बंदुकीतली लाकडी दांडी बऱ्याचदा कुणीतरी काढून हरवलेली असते. घरीच तिसरं काडतूस मॅगझिनमध्ये भरून बघायचा प्रयत्न करा. गेलं, तर तळ्यावर तपासायला येणाऱ्या वॉर्डनच्या, म्हणजे शिकार खात्याच्या अधिकाऱ्याच्या, हातूनही जाणारच.

कागदपत्रं कुठली लागतात? मी एच-१बी व्हिसावर आहे.

शिकार शिक्षणाचा कोर्स, राज्याचा शिकार परवाना, स्थलांतरित पक्ष्यांची एचआयपी नोंदणी (किती पक्षी मारले जातात याचा अंदाज घेण्यासाठीची सरकारी नोंदणी), आणि वय १६ किंवा जास्त असेल तर फेडरल डक स्टँप (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी केंद्र सरकारचं तिकीट). हा स्टँप १९३४पासून आहे. तेव्हा एक डॉलरचा होता, आता पंचवीसचा. त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो, म्हणून मी तो आनंदाने घेतो. राज्याचे वेगळे स्टँप आणि सीझनच्या तारखा दरवर्षी नव्याने बघाव्या लागतात.

व्हिसाचा मुद्दा गंभीर आहे. ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्यात एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक "जरा धरून बघतो" म्हणतानाही हे लक्षात असू द्या. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असू शकतात. इथे चूक झाली तर इमिग्रेशनच्या फाइलवर डाग पडतो, म्हणून एकदा वकिलाला विचाराच.

जुन्या बंदुकीची सेफ्टी भरवशाची असते का?

सुरुवातीच्या ऑटो-५ आणि मॉडेल ११ची सेफ्टी ट्रिगर गार्डच्या आत, चापाच्या पुढे असते. ती काढायला बोट गार्डमध्ये घालून पुढे ढकलावं लागतं. हातात जाड मोजे असतील तर ही रचना धोक्याची आहे. तशी बंदूक असेल तर पक्षी टप्प्यात येईपर्यंत चेंबर रिकामं ठेवणं मला बरं वाटतं. नंतरच्या बंदुकांत चापामागे आडवं बटण आहे. तेही झिजतं. गनस्मिथकडून चापाचं वजन आणि सेफ्टीची पकड दोन्ही तपासून घ्या.

ऑटो-५च्या डाव्या अंगाला छोटी कळ आहे. ती कशाची?

मॅगझिन कटऑफ. ती लावली की बोल्ट मागे ओढला तरी मॅगझिनमधलं काडतूस वर येत नाही. लांबून कॅनडा गूज येताना दिसले, तर चेंबरमधलं बदकाचं काडतूस काढून जाड छर्ऱ्याचं घालता येतं, मॅगझिन तसंच भरलेलं राहतं. कुंपण ओलांडताना चेंबर रिकामं करायलाही ती सोयीची. मला या बंदुकीतली ही सगळ्यात शहाणी कळ वाटते.

किती अंतरापर्यंत मारावं?

याचं उत्तर तुमच्या बंदुकीने कागदावर द्यायचं असतं. चार फुटी चौरस कागद ३५ यार्डांवर उभा करा, ज्या काडतुसाने शिकार करणार त्याचाच एक बार करा, आणि छर्रे सगळ्यात दाट असतील तिथे ३० इंची वर्तुळ काढा. वर्तुळात बदकाच्या अंगाएवढी मोकळी जागा दिसली तर त्या अंतरावर त्या काडतुसाने मारू नका. पाच वेळा करा. एका कागदावर विश्वास ठेवू नये. फवाऱ्याचा मध्य नेमाच्या किती बाजूला पडतो तेही इथेच कळतं. जुन्या दस्त्यांचा बाक बहुधा आजच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे बार खाली लागू शकतो.

माझी हद्द तीस यार्ड. बाहेरचा डिकॉय मी मोजून तीस यार्डांवर ठेवतो आणि त्याच्या पलीकडचं बदक जाऊ देतो. लांबून उडवलेल्या बाराने बदक खाली पडत नाही, ते पायात किंवा पोटात छर्रा घेऊन जातं आणि लव्हाळ्यात दोन दिवसांनी मरतं. पाडलेलं बदक शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं कायद्यानेही बंधनकारक आहे. मी एकदा मावळतीपर्यंत एका मादी टीलसाठी कंबरभर पाण्यात हिंडलो आहे. ती सापडली नाही. तीस यार्डांची हद्द त्या दिवसापासूनची.

नळीत चिखल किंवा बर्फ गेला तर?

तिथेच थांबा. बंदूक रिकामी करा, नळी काढून आरपार बघा. ऑटो-५ची नळी मिनिटभरात निघते, त्यामुळे सबब चालत नाही. बोटभर चिखलानेही नळी फुटते. तसाच दुसरा घातक प्रकार म्हणजे बारा बोअरच्या खिशात राहिलेलं वीस बोअरचं पिवळं काडतूस. ते बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, मागे नवं काडतूस सहज बसतं, आणि पुढचा बार हाताजवळ फुटतो. घरात दोन्ही बोअर असतील तर दोन वेगळे कोट ठेवा.

सीझन संपल्यावर बंदूक कशी ठेवू?

पूर्ण खोला. ओली झाली असो वा नसो, मागचा दस्ता काढून त्यातलं नळकांडं कोरडं करा, स्प्रिंग पुसा, तेलाचा पुसट हात द्या. पुढचा दस्ता परत बसवताना टोपण घट्ट आवळा. सैल राहिलं की लाकूड मागेपुढे आपटून चिरतं. कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. जुन्या बंदुकांचं रिसीव्हरजवळचं लाकूड काळपट आणि भुसभुशीत दिसतं ते यामुळेच.

मग शिकारीचा कोट जमिनीवर उलटा झटका. प्रत्येक खिसा बाहेर काढा आणि पडलेलं एकेक काडतूस हातात घेऊन बोअर, लांबी आणि छर्ऱ्याचा धातू वाचा. आजोबांच्या जुन्या कोटाच्या अस्तरातून मला शिशाची तीन निघाली होती, कागदी टरफलाची. ती मी वेगळ्या डब्यात, चिठ्ठी लावून ठेवली आहेत.